वाईट वाटतंय? वाटू द्या: कठीण भावना स्वतःला आणि दुसऱ्याला जाणवू द्यायच्या कशा

कुणी रडायला लागलं की आपल्या तोंडून आपोआप निघतं, "अरे रडू नको." कुणी घाबरलं तर "त्यात घाबरायचं काय", कुणी चिडलं तर "आधी शांत हो बघू", आणि स्वतःच्या बाबतीत तर आपण अजूनच कडक, "बास झालं आता, कामाला लाग." यातलं काहीच वाईट हेतूने बोललेलं नसतं, बहुतेक वेळा प्रेमानेच बोललेलं असतं. पण समोरच्यापर्यंत पोचतं ते एवढंच की तुला हे जे वाटतंय ते वाटायला नको होतं. मग दुःख होतं तिथेच राहतं आणि वर "मला अजून दुःख का होतंय" याची लाज वाटायला लागते, म्हणजे एकाचे दोन त्रास.

पहिला त्रास बरेचदा आपल्या हातात नसतो. माणूस गेलं, नोकरी गेली, नातं तुटलं, की वाईट वाटणारच. दुसरा त्रास मात्र जवळपास पूर्ण टाळता येतो, आणि तो कसा टाळायचा हेच पुढे लिहिलंय, आधी स्वतःपुरतं आणि मग दुसऱ्यासाठी. हा क्रम मुद्दाम ठेवलाय, कारण ज्याला स्वतःचं रडू सहन होत नाही त्याला दुसऱ्याचं रडूही दोन मिनिटांच्या वर सहन होत नाही.

दाबून टाकलं तर काय बिघडतं?

डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक प्रयोग मांडला होता. लोकांना सांगितलं की पुढची ५ मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. नंतर त्याच लोकांना सांगितलं की आता खुशाल विचार करा, तर त्यांच्या मनात अस्वल इतकं आलं की ज्यांना पहिल्यापासून विचार करायची मोकळीक होती त्यांच्याहीपेक्षा जास्त. आता अस्वलाच्या जागी "तो मला सोडून गेला" हे ठेवून बघा.

चेहऱ्यावर काही दिसू न देणं हा दाबण्याचा दुसरा प्रकार. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर खूप काम केलंय आणि त्यातून दिसलं ते असं, की चेहरा कोरा ठेवला तरी आतलं वाईट वाटणं कमी होत नाही, उलट शरीरावरचा ताण वाढतो. आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २००३ चा अभ्यास. त्यात एकमेकींना न ओळखणाऱ्या बायकांच्या जोड्या होत्या, दोघींना अस्वस्थ करणारी फिल्म दाखवली आणि मग त्यावर बोलायला लावलं, पण काही जोड्यांमध्ये एकीला गुपचूप सांगितलं होतं की भावना दिसू द्यायच्या नाहीत. तर तिच्या समोर बसलेल्या, यातलं काहीच माहीत नसलेल्या बाईचं ब्लड प्रेशर वाढलं. म्हणजे "घरच्यांना त्रास नको म्हणून मी काही दाखवत नाही" हा हिशोब आपल्याला वाटतो तितका सरळ नाहीये.

याचा अर्थ कायम सगळं उघडं करून बसायचं असा नाही हां. गाडी चालवताना, इंटरव्ह्यूमध्ये, लहान मुलाला दवाखान्यात नेताना भावना थोडा वेळ बाजूला ठेवावीच लागते आणि ती ठेवता येणं चांगलंच आहे. फक्त नंतर तिच्याकडे परत यायचं असतं, आणि आपण तेवढंच विसरतो.

पायरी १: आधी शरीरात शोधा

समजा मीटिंगमध्ये दहा जणांसमोर साहेब म्हणाले, "हे तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं." तुम्ही "हो सर, बघतो" म्हणालात आणि स्क्रीनकडे बघत बसलात. डोक्यात लगेच वकिली सुरू होते, चूक माझी नव्हतीच, डेटा उशिरा आला, तो दुसरा कसा सुटला. पण त्याच वेळी खाली काय चाललंय बघा. कान गरम झालेत, जबडा आवळलाय, घशात आवंढा अडकलाय, पायाची बोटं बुटात घट्ट वळलीत. भावना तिथे आहे, वकिली नंतरची.

म्हणून पहिलं काम एवढंच, डोक्यातून खाली या. छातीत धडधड आहे का, पोटात खड्डा पडलाय का, खांदे कानापर्यंत गेलेत का, डोळे जड झालेत का. हे बदलायचं नाहीये, नुसतं बघायचंय. मीटिंग चालू असतानाही हे करता येतं, कुणाला कळतसुद्धा नाही. काही लोकांना शरीरात काहीच जाणवत नाही, सगळं सुन्न वाटतं, तर "सुन्न वाटतंय" हेही चालतं. आणि शरीराकडे लक्ष दिल्यावर कुणाला घाबरायलाच होत असेल, विशेषतः पूर्वी काही भयंकर घडून गेलेलं असेल तर, जबरदस्ती करू नका. पाय जमिनीवर टेकलेत, हातात खुर्चीचा दांडा आहे, समोर खिडकी आहे, असं बाहेरच्या गोष्टींवर लक्ष न्या आणि पुढचं एखाद्या थेरपिस्टच्या सोबतीने करा.

पायरी २: नेमकं नाव द्या

"मूड ऑफ आहे", "टेन्शन आलंय", "कसंतरी होतंय" यावर आपण वर्षानुवर्षं काढतो. या शब्दांनी आपलं काम होत नाही कारण त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन यांच्या टीमने लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडायला सांगितला तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची, म्हणजे धोका दिसला की पेटून उठणाऱ्या भागाची, हालचाल कमी झाली. नाव दिल्याने सगळं बरं होतं असं मी म्हणत नाहीये, पण जरा श्वास घ्यायला जागा होते.

आणि शब्दांची आपल्याकडे काही कमी नाही. राग म्हणताय, पण ती चिडचिड आहे, वैताग आहे, संताप आहे की अपमान झाल्याचं दुखणं आहे? भीती म्हणताय ती धास्ती आहे, धसका आहे की नुसती धाकधूक? वाईट वाटतंय म्हणजे खंत आहे, रुखरुख आहे, एकटं पडल्यासारखं वाटतंय की कुणाचा तरी हेवा वाटतोय? हेवा कबूल करायला फार जड जातं, त्याला आपण लगेच "मला तिचं वागणं आवडत नाही" असं करून टाकतो. पण एकदा "मला तिच्या प्रमोशनचा हेवा वाटतोय" असं स्वतःशी म्हणून बघा, निम्मी तडफड तिथेच उतरते, आणि आपल्यालाही ते हवं होतं हे कळतं.

एकाच वेळी दोन-तीन भावना असतील तर तिन्ही लिहा. खूप वर्षं आजारी असलेलं माणूस जातं तेव्हा दुःख असतं, सुटल्यासारखं वाटतं आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून अपराधीही वाटतं. तिन्ही खरं असतं. त्यातली एक निवडायची नसते.

पायरी ३: परवानगी द्या, पण स्टेअरिंग देऊ नका

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा थांबून लिहितोय. भावना जाणवू देणं म्हणजे तिच्या म्हणण्याप्रमाणे वागणं नव्हे. भावाचा प्रचंड राग येऊ देणं आणि भावाला रात्री अकरा वाजता मेसेज टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रागाला कितीही जागा द्या, मेसेज मात्र सकाळी. भीतीला जागा द्या, पण म्हणून परीक्षा चुकवू नका.

स्वतःशी म्हणायचं वाक्य साधंच ठेवा. "मला लाज वाटतेय, आणि सध्या वाटू दे." किंवा "असं कुणालाही वाटलं असतं." तुम्हाला तोंडात नैसर्गिक वाटेल ते घ्या. एवढंच बघा की त्या वाक्यात "पण" नको. "वाईट वाटतंय पण लोकांचं याहून वाईट असतं" म्हटलं की परवानगी दिली आणि लगेच काढून घेतली.

आणि परवानगी म्हणजे राग बाहेर काढणंही नव्हे. उशीला ठोसे मारा, जोरात ओरडा, मोकळं वाटेल, असं खूप सांगितलं जातं. ब्रॅड बुशमन यांचा २००२ चा प्रयोग नेमका यावरच होता. ज्याने राग आणला त्याचा विचार करत पंचिंग बॅगला ठोसे मारणाऱ्यांचा राग कमी झाला नाही, उलट जे काहीच न करता बसून राहिले त्यांच्यापेक्षा हेच जास्त चिडलेले राहिले. तेव्हा राग जाणवू द्या, त्याला पेटवत राहू नका.

पायरी ४: थोडा वेळ भावनेबरोबर बसा

बसा म्हणजे खरंच बसा, फोन बाजूला ठेवून. पाचेक मिनिटं पुरतात सुरुवातीला. जिथे जाणवतंय तिथे लक्ष ठेवा आणि श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा जरा जास्त वेळ सोडा, कारण सावकाश सोडलेल्या श्वासाबरोबर हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. रडू आलं तर येऊ द्या, नाही आलं तर आणू नका. साधारण असं दिसेल की ते चढतं, एका जागी नको नको होतं, आणि मग स्वतःहूनच थोडं उतरतं. व्यसनमुक्तीच्या कामातले ॲलन मार्लॅट लोकांना तलफेच्या बाबतीत हेच शिकवायचे, तलफेशी भांडू नका आणि तिला शरणही जाऊ नका, लाट आल्यासारखी तिच्यावर तरंगा, ती ओसरते. रागाला आणि घाबरण्याला हे फार चांगलं लागू पडतं.

दुःखाचं मात्र वेगळं आहे. भावना ९० सेकंदांत संपते असं काहीतरी सगळीकडे फिरत असतं, ते वाचून लोक घड्याळ लावून बसतात आणि मग आपलं काहीतरी चुकतंय असं समजतात. बेल्जियममध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ भावनांची तुलना केली होती, त्यात सगळ्यात जास्त टिकली ती उदासी. मोठ्या घटनेशी जोडलेल्या आणि ज्यावर माणूस परत परत विचार करतो त्या भावना जास्त टिकतात असंही त्यात होतं. त्यामुळे दुःख एका बैठकीत संपवायचं टार्गेट ठेवू नका. आज थोडं, उद्या थोडं.

जाणवू देणं वेगळं, घोळवत बसणं वेगळं

कुणी म्हणेल मी तर दिवसभर तेच करतोय, तोच विचार. नाही, ते बहुतेक घोळवणं असतं. सुझन नोलन-होक्सेमा यांनी यावर आयुष्यभर काम केलं आणि असं घोळवत राहण्याने डिप्रेशन वाढतं आणि लांबतं हे दाखवलं. ओळखायचं कसं? घोळवण्यात "का" आणि "जर" खूप असतात, माझ्याच बाबतीत का, तेव्हा मी गेले असते तर, त्याने असं का म्हटलं असेल. तासाभरानेही तुम्ही त्याच वाक्यावर असता आणि शरीर अजून आवळलेलं असतं. जाणवण्यात वाक्यं कमी असतात, शरीर जास्त असतं, आणि काहीतरी हलतं. घोळवतोय असं लक्षात आलं तर "का" सोडून "काय" विचारा, आत्ता काय वाटतंय, कुठे वाटतंय. तरी चाक थांबत नसेल तर उठून चाला, कुणाला तरी फोन करा. हे पळणं नाहीये.

लिहिण्यानेही खूप फरक पडतो. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक अनुभवावर लिहिलं. ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं दोन्ही लिहिलं ते पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी कॉलेजच्या हेल्थ सेंटरला कमी वेळा गेले. पण लिहिल्यानंतर लगेच त्यांना वाईटच वाटत होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून झोपायच्या अगदी तोंडावर लिहू नका, नंतर अर्धा तास मोकळा ठेवा, शुद्धलेखन बघू नका आणि कुणाला दाखवायचं नाही हे आधीच ठरवा. फार जड झालं तर त्या दिवशी थांबा.

आता समोरचा माणूस

ऐकायला बसण्याआधी एक गोष्ट स्वतःत तपासा. समोरचा रडतोय आणि तुम्हाला काहीतरी करून ते थांबवावंसं वाटतंय, तर ती घाई कुणासाठी आहे? बहुतेक वेळा आपल्याला ते बघवत नाही म्हणून आपण उपाय सांगतो, विषय बदलतो, टिश्यू पुढे करतो. माझं तर स्पष्ट मत आहे की आपला निम्माअधिक धीर देणं हे स्वतःला धीर देणं असतं. ती अस्वस्थता ओळखा, पाय जमिनीवर टेका, श्वास सोडा. तुमच्याकडून त्या क्षणी काहीही दुरुस्त व्हायला नकोय.

समजा मैत्रिणीचा फोन आला, नोकरी गेलीय.

"अगं मला काढलं आज. एचआरने बोलावलं आणि दहा मिनिटांत संपलं सगळं."

"बापरे. आज सकाळीच?"

"हो. आणि मी तिथे थँक्यू म्हणून आले गं. थँक्यू!"

"काहीतरी भयंकरच वाटत असेल."

"लाज वाटतेय. घरी सांगितलंच नाहीये अजून."

"हं. इतकी वर्षं दिलीस तिथे. लाज वाटणं कळतंय मला."

(मग बराच वेळ ती काही बोलत नाही, आणि तुम्हीही बोलत नाही.)

"मला कळत नाहीये घरी कसं सांगू."

"त्यावर आत्ता बोलायचंय का, की आधी नुसतं बोलून मोकळी होतेस?"

यात सल्ला नाही, "चांगलंच झालं, तुला तिथे आवडत नव्हतंच" नाही, "माझ्या मावसभावाचंही असंच झालं" तर अजिबात नाही. तिने लाज हा शब्द वापरला तो तसाच परत दिला. आणि शांतता भरून काढली नाही, जे सगळ्यात अवघड असतं. शेवटचा प्रश्न मात्र पाठ करून ठेवा, ऐकायला हवंय की काही सुचवायला हवंय, कारण कधी कधी माणसाला खरंच सल्ला हवा असतो आणि आपण नुसते "हं हं" करत बसलो तर तेही चुकतं.

एक शंका नेहमी येते, समोरच्याचं म्हणणंच चुकीचं असेल तर? मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी, म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धत, उभी केली त्यात याचं उत्तर आहे. भावना मान्य करणं म्हणजे त्यामागचं म्हणणं किंवा वागणं मान्य करणं नव्हे. "सगळे माझ्या विरोधात आहेत" याला हो म्हणायची गरज नाही. "तुला फार एकटं पडल्यासारखं वाटतंय" एवढं म्हणता येतं, आणि ते खोटं नसतं.

"निदान" ने सुरू होणारं वाक्य गिळून टाका. निदान दुसरं मूल आहे, निदान फार त्रास झाला नाही, निदान वेळेवर कळलं. "समजू शकतो" हेही जपून, त्यापेक्षा "सांग मला" बरं.

लहान मुलं

मुलांच्या बाबतीत आपण फार घाई करतो कारण त्यांची दुःखं आपल्याला छोटी वाटतात. सहा वर्षांच्या मुलाचा जवळचा मित्र शाळा सोडून गेला तर त्याच्या दृष्टीने त्याचं जग अर्धं झालेलं असतं, त्याला "नवीन मित्र मिळेल" म्हणणं म्हणजे आपल्याला कुणी नवरा गेल्यावर दुसरा मिळेल म्हणण्यासारखं आहे. जॉन गॉटमन यांनी आईवडील मुलांच्या भावनांशी कसं वागतात याचा बराच अभ्यास केला. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, भावना लक्षात घ्या, जवळ घ्या, तिला शब्द द्या, आणि वागण्याला मर्यादा घाला. म्हणजे "तुला खूप राग आलाय, तिने तुझा टॉवर पाडला. राग येणारच. पण मारायचं नाही." क्रम उलटा केला, आधी "मारायचं नाही" म्हणून धपाटा, तर मुलाला राग येणंच चूक आहे असं वाटतं. मूल पूर्ण भडकलेलं असताना फार बोलू नका, त्या वेळी त्याला शब्द पोचतच नाहीत. शांतपणे जवळ बसा, शब्द नंतर.

जो बोलतच नाही, आणि जो तुमच्यावरच चिडलाय

काही माणसांना, आणि यात पुरुष खूप असतात कारण लहानपणापासून त्यांना रडण्यावरून बोललं गेलेलं असतं, समोरासमोर बसून भावनांवर बोलायला जमत नाही. त्यांना "काय वाटतंय सांग ना" म्हणून कोंडीत पकडू नका. चालताना, गाडीत, काहीतरी काम करताना बाजूला असा, एकमेकांकडे बघायचं नसलं की बोलणं सोपं जातं. "बोलायचं नसेल तर राहू दे, मी आहे इथे" म्हणा आणि खरंच थांबा.

राग तुमच्यावर असेल तर ऐकणं अवघड आहे, पण "तू खूप दुखावलेला आहेस माझ्यामुळे, पूर्ण ऐकते" एवढं म्हटलं तर बरंच होतं. शिव्या, धमक्या, अंगावर येणं मात्र सहन करायचं नाही. "राग ऐकेन, पण असं ओरडलास तर मी बाहेर जाते, अर्ध्या तासाने बोलू" असं सांगून खरंच बाहेर जा. जीवाला धोका वाटत असेल तर तिथे समजूतदारपणाचा प्रश्नच नाही, आधी सुरक्षित जागी जा. आणि तुमचीच ताकद संपली असेल तर तसं स्पष्ट सांगा, आज मला नीट ऐकता येणार नाही, उद्या संध्याकाळी करू का फोन. अर्धवट कानाने ऐकण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

कुणी गेल्यानंतर

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात (नकार, राग, घासाघीस, उदासी आणि स्वीकार) हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडलं तेव्हा ते स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांबद्दल होतं, नंतर ते मागे राहिलेल्यांना चिकटलं. प्रत्यक्षात कुणी क्रमाने जात नाही. आज हसतो, उद्या कपाटात एक शर्ट दिसतो आणि माणूस कोसळतो, आणि दोन्ही ठीक आहे. पहिले दहा-पंधरा दिवस माणसांची गर्दी असते, खरी गरज नंतर लागते. तेव्हा फोन करा, आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्या. आठवण काढली तर मागे राहिलेल्याला वाईट वाटेल ही भीती आपल्याला असते, पण तो विसरलेलाच नसतो.

घरचे उपाय कुठे थांबवायचे

उदासी किंवा कशातच रस नसणं जवळपास रोज, दिवसातला बराचसा वेळ, दोन आठवडे टिकलं, झोप-भूक-काम बिघडलं, तर डॉक्टरांना दाखवा, डिप्रेशनचा विचार करायला डॉक्टर हाच कालावधी धरतात. कुणी गेल्यानंतरचं तीव्र दुःख सहा महिने ते वर्ष उलटूनही जराही हलत नसेल आणि रोजचं जगणं ठप्प झालं असेल तर त्यालाही आता स्वतंत्र निदान आहे आणि उपचार आहेत. भावना झोपवायला दारू किंवा गोळ्या लागायला लागल्या तर थांबू नका.

कुणी मरणाबद्दल बोललं तर घाबरून विषय बदलू नका. सरळ विचारा, "आत्महत्येचे विचार येतायत का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. हो म्हणाला तर ऐका, एकटं सोडू नका, जवळ असलेल्या धोक्याच्या वस्तू दूर करा आणि त्याच दिवशी हेल्पलाइन, डॉक्टर किंवा हॉस्पिटल गाठा. कुणाला सांगू नको असं वचन मागितलं तर हे एक वचन द्यायचं नाही.

पहिल्यांदा डॉक्टर किंवा थेरपिस्टकडे जाताना काय बोलावं सुचत नाही म्हणून बरेच जण जातच नाहीत. त्यासाठी चार ओळी कागदावर न्या: केव्हापासून होतंय, शरीरात कुठे जाणवतं, झोप आणि जेवण कसं आहे, कशाने जरा बरं वाटतं. तोंडातून शब्द फुटला नाही तर तो कागद सरळ त्यांच्या हातात द्या.